डिमेन्शिया असलेल्या बाबांसाठी गोव्यात होम शोधतेय, आतून कसं आहे ते ओळखायचं कसं?

डिचोलीची_लेक
नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ८४ वर्षांचे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या तेव्हा, म्हणजे १९६४ ला शिक्षक म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत मास्तरच राहिले. गाव अजून त्यांना मास्तर म्हणूनच हाक मारतो. पाच वर्षांपूर्वी अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, असल्याचं कळलं. आई होती तोवर तिने सगळं निभावलं, किती त्रास आहे ते आम्हाला कळूसुद्धा दिलं नाही. ती गेल्या वर्षी गेली आणि तेव्हापासून बाबा माझ्याकडे पर्वरीला फ्लॅटमध्ये आहेत. भाऊ मस्कतला असतो, पैसे पाठवतो, रोज फोन करतो, पण रात्री तीनला बाबा उठून शर्ट चढवून "शाळेची वेळ झाली" म्हणत कडी काढायला लागतात तेव्हा घरात बहुतेक मी एकटीच असते, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी आहे. गेल्या महिन्यात मी आंघोळीला गेले तेवढ्यात ते बाहेर पडले ते थेट हायवेच्या कडेला सापडले, भर पावसात, अनवाणी. एका मोटरसायकल पायलटला, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटरसायकलवाल्याला, काहीतरी बरोबर नाही असं वाटलं, त्याने त्यांना थांबवून ठेवलं म्हणून वाचले. दोन बायका ठेवून बघितल्या, दोघी महिनाभरात सोडून गेल्या.

म्हणून आता होम बघतेय. दोन बघून झाली. एक किनारपट्टीला, एकदम नवीन, चकचकीत टाइल्स, एसी, गार्डन, दाखवणारी मुलगी फार छान बोलली. दुसरं आतल्या गावात, जुनं कौलारू घर, पुढे बाल्कांव म्हणजे बसायचा ओटा, रंग उडालेला, एका खोलीत दोन खाटी, मिळून नऊच माणसं. पहिल्याची फी दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. भाऊ म्हणतो पैशाकडे बघू नको, चांगलं असेल ते घे. पण चांगलं म्हणजे नक्की काय बघायचं तेच मला कळेना. पहिल्या ठिकाणी मी अर्धा पाऊण तास होते, सकाळचे अकरा वाजलेले, सगळे खुर्च्यांवर शांत बसलेले, एकही माणूस चालताना दिसला नाही की बोलताना. तिथे असताना मला ते बघून बरं वाटलं, केवढी शिस्त म्हणून. घरी आल्यापासून मात्र तेच डोळ्यांसमोर येतंय.

गावात बातमी पोचलीय, "मास्तराक आझिलांत घालता", म्हणजे वृद्धाश्रमात टाकते म्हणून चुलत घरातून ऐकून झालंय. त्याचं काय करायचं ते मी बघेन. मला फक्त हे सांगा, ज्यांनी आपली माणसं ठेवली आहेत किंवा अशा ठिकाणी काम केलंय त्यांनी, की बाहेरून गेलेल्या माणसाने तासाभरात काय बघावं.

---

सिस्टर_बार्देस
ताई, मी २८ वर्षं हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते आणि रिटायर झाल्यावर चार वर्षं एका होममध्ये काढली, ते डिमेन्शियाचंच होतं. तुम्हाला घरी आल्यावर जे खटकलं ते बरोबर खटकलं.

आधी एक छोटी गोष्ट, फोन करताना "नर्सिंग होम" म्हणू नका, आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं प्रायव्हेट हॉस्पिटल. आणि बरेच वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. त्यामुळे पहिल्याच फोनवर विचारा, डिमेन्शियाचा पेशंट घेता का, आणि पुढे आजार वाढला, अंथरुणाला खिळले, गिळता येईना, तरी ठेवून घेणार की "आता घेऊन जा" म्हणणार. नंतर कळलं तर फार जड जातं.

आता त्या शांत खुर्च्या. डिमेन्शियाची माणसं सकाळी अकराला अशी गप्प नसतात हो. कोणीतरी फेऱ्या मारत असतं, कोणी पदराची टोकं दुमडत असतं, कोणी तुम्हाला स्वतःची मुलगी समजून हात धरतं. सगळेच्या सगळे डुलक्या घेताहेत म्हणजे एक तर त्यांना करायला काही नाही, नाहीतर गुंगी आणणाऱ्या गोळ्या. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही नावं लिहून ठेवा आणि स्पष्ट विचारा की तुमच्याकडे किती जणांना यातलं काही चालू आहे, कोणत्या डॉक्टरने लिहून दिलं, आणि शेवटचं कधी तपासलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २००५ मध्ये नव्या गोळ्यांवर आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांवरही सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांमध्ये यांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं म्हणून. ह्या गोळ्या कधीच द्यायच्या नाहीत असं मी म्हणत नाही, माणूस खूप घाबरलेला असेल, मारहाण करत असेल तर थोड्या दिवसांपुरत्या लागतात, पण रात्रीचा स्टाफ वाचवायला म्हणून द्यायच्या नसतात. लुई बॉडी नावाचा डिमेन्शियाचा एक प्रकार असतो, त्यात समोर नसलेली माणसं, मुलं दिसतात, त्या पेशंटला हॅलोपेरिडॉल दिलं तर तो लाकडासारखा ताठ होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. बाबांना तसं काही दिसतं का ते डॉक्टरांना नक्की सांगा.

बघायला जायची वेळ म्हणजे दिवेलागण. संध्याकाळी साडेपाच ते सात. कातरवेळेला ह्या पेशंटांची घालमेल सुरू होते, घरी जायचंय, मुलं वाट बघताहेत, गुरं बांधायचीत. बऱ्याच ठिकाणी साधारण त्याच सुमाराला स्टाफची पाळीही बदलते. "म्हाका घरा वचपाचें", मला घरी जायचंय, असं कोणी म्हणालं की तिथली मुलगी काय करते ते बघा. "हेच तुझं घर, गप बस" म्हणते, की हात धरून "चल जाऊया, घरी कोण कोण आहे गो तुझ्या?" असं विचारत दोन फेऱ्या मारते. मला विचाराल तर ह्या एका गोष्टीत निम्मं होम कळतं.

मग बारीक बारीक बघा. पाण्याचा ग्लास हाताला लागेल असा आहे का, नुसता टेबलावर लांब ठेवलेला नको. नखं, दाढी, कानामागे मळ. चष्मा स्वतःचाच आहे का, हिअरिंग एड चालू आहे का, दाताची कवळी डब्यात पडून आहे की तोंडात. सकाळी थोडा लघवीचा वास आला तर लगेच नाक मुरडू नका, तो ताजा असतो, पण गादीला, पडद्यांना मुरलेला जुना वास असेल तर परत फिरा. आणि उलट सगळीकडे नुसता फिनेलचा घमघमाट असेल तर खोलीत जाऊन चादर उचलून बघा.

वजनाची वही मागा. दर महिन्याला वजन घेतात का. सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर ते गंभीर असतं, ६० किलोचा माणूस ५४ वर आला की झालं. पडझडीचीही वही असते. कोणी म्हणालं "आमच्याकडे कोणी पडतच नाही" तर मला तरी भरवसा वाटत नाही, चालणारी माणसं असली की अधूनमधून पडतातच. कोण कधी पडलं, का पडलं, पुढे काय बदल केला हे जिथे लिहिलेलं असतं ती जागा बरी. झोपून असलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देतात का आणि आत्ता कोणाला बेडसोअर आहे का हेही विचारा.

रात्री जागे किती जण असतात? राहायला किती असं विचारू नका, जागे किती ते विचारा.

---

सासष्टीकर
सिस्टरने लिहिलंय त्यातलं बरंच मला आधी माहीत असतं तर आईचे पाच महिने वाया गेले नसते. पहिल्या होमचं नाव घेत नाही.

तिथे सांगितलं की पहिला महिना भेटायला येऊ नका, पेशंटला ॲडजस्ट व्हायला बरं पडतं. मला ते पटलं, शिकलेली माणसं सांगताहेत म्हणून. महिन्याने गेलो तर आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिला माशातले काटे काढून दिल्याशिवाय जेवता येत नव्हतं, हे मी ॲडमिशनच्या वेळी सांगितलेलं, तरी ताट समोर ठेवायचे आणि वीस मिनिटांनी "जेवत नाही" म्हणून उचलायचे. पुढच्या खेपेला न सांगता गेलो तेव्हा ओढणीने खुर्चीला बांधलेली होती. पडू नये म्हणून, म्हणाले. बांधून ठेवलं की पायातली ताकद जाते, माणूस आणखी घाबरतो आणि सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतो, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. मी आईला तिथे ठेवली ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

भाषेचंही बघा ताई. तिथली मुलं लांबून आलेली, बिचारी दिवसरात्र राबायची, त्यांना दोष देत नाही, पण ती हिंदीत बोलायची आणि आईला कोंकणी सोडून काही कळेनासं झालेलं. ह्या आजारात नंतर शिकलेल्या भाषा आधी जातात आणि बालपणीची राहते. पोटात दुखतंय हे तिला सांगता येईना, ती ओरडायची, आणि ओरडते म्हणून गोळी वाढवली. शेवटी निघालं काय तर युरीन इन्फेक्शन. प्रत्येक पाळीला कोंकणी किंवा मराठी समजणारं एक तरी माणूस आहे का हे विचाराच.

दुसरं होम साधंच होतं. तिथल्या मॅट्रनने आईला आत नेण्याआधी तासभर मलाच बसवून घेतलं. कुठल्या कुशीवर झोपते, तेल कुठलं लावते, रागावली की काय करता, कशाला घाबरते, तरुणपणी काय करायची. मी म्हटलं आई अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, करून विकायची. तिने ते लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी गेलो तर चार वाजता आईच्या पुढ्यात फुलं आणि दोरा, आणि आईची बोटं चालत होती. मला ओळखलं नाही तिने, पण फाती माझ्या हातात दिली. अडीच वर्षं राहिली तिथे.

एक कठीण गोष्ट लिहितो, पण आधीच बोलून घ्या. शेवटी गिळणं बंद होतं. नाकातून किंवा पोटातून नळी घालायची का, हा प्रश्न रात्री अकराला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून सोडवायची वेळ येऊ देऊ नका. आम्हाला डॉक्टरांनी समजावलं की डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, आणि फुप्फुसात अन्न जायचंही थांबत नाही. आम्ही नळी घातली नाही. त्या मुली चमच्याने पेज भरवत राहिल्या, जितकी जाईल तितकी.

बाकी कागदपत्रं. डिपॉझिट परत कधी, नोटीस किती दिवसांची, डायपर आणि औषधं वेगळी की फीमध्येच, हॉस्पिटलात न्यावं लागलं तर सोबत कोण जाणार. सगळं लेखी.

---

पेडणेकर_७१
मला तरी वाटतं आपल्या माणसाला घरीच ठेवावं. आमची आजी शेवटपर्यंत माजघरात होती. माणूस आपल्या घरात जितका शांत राहतो तितका बाहेर राहत नाही.

---

फोंड्याची_सून
पेडणेकर दादा, तुमची आजी भाग्यवान. पण माजघर असलेल्या घरात तेव्हा दहा माणसं असायची ना? इथे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी बाई रात्रभर दाराला पाठ लावून बसते. मी सासूबाईंना सहा वर्षं घरीच सांभाळलं, म्हणून सांगते, घरी ठेवायचं तर त्यालाही मदत लागते आणि ती कोणी आपणहून आणून देत नाही.

आपल्याच गोव्यात ह्यावर अभ्यास झालेला आहे, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेशी जोडलेल्या डॉक्टरांनी केला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८१ कुटुंबं होती. डिमेन्शियाबद्दल शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरोघरी जायच्या, आजार काय आहे ते समजावायच्या, आंघोळीला नाही म्हणतात तेव्हा काय करायचं, राग कसा झेलायचा, हे सहा महिने. काळजी घेणाऱ्या माणसाचं मानसिक आरोग्य सुधारलं आणि त्याला वाटणारा त्रासही कमी झाला. म्हणजे घरी ठेवणं जमतं, पण कोणीतरी घरवालीला विचारणारं असलं तर.

ताई, निर्णय तुमचा. फक्त होममध्ये घालायच्या आधी बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत बाबांना एकदा दाखवा, सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा. रात्री तीनला उठणं हे कधी कधी दुपारच्या लांब झोपेमुळे, कधी बद्धकोष्ठतेमुळे, कधी दुखण्यामुळे असतं. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन पण आहे. आणि होम ठरलंच तर एकदम सामान नेऊन सोडू नका, आधी दोन चार वेळा नुसतं चहाला न्या.

शिवाय पावसाळ्याचं बघा! कौलं गळतात का, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, अंगणातली विहीर उघडी आहे का. आमच्याकडे विहिरीचीच सगळ्यात जास्त भीती होती.

---

डिचोलीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. सासष्टीकर दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण बरं झालं लिहिलंत.

काल न सांगता दोन्हीकडे जाऊन आले. पहिल्या ठिकाणी सव्वासहाला पोचले तर गेटवरच थांबवलं, अपॉइंटमेंट पाहिजे, भेटायची वेळ चार ते पाच. मी म्हटलं पाच मिनिटं फक्त, तर उद्या फोन करून या म्हणाले. काचेतून हॉल दिसत होता, साडेसहालाच दिवे मंद केलेले आणि सगळ्यांना झोपायला नेत होते. साडेसहाला! गोळ्यांचं फोनवर विचारलं तर "ते आमचे डॉक्टर बघतात, तुम्ही टेन्शन घेऊ नका".

दुसरीकडे गेले तेव्हा सात वाजत आलेले, पाऊस कोसळत होता आणि लाइट गेलेली. इन्व्हर्टरवर दोन दिवे. तुळशीपुढे दिवा लावलेला आणि शेजारच्या खाटीवरच्या आजी रोझरी म्हणत होत्या, दोन्ही एकदमच चालू. एक आजी पिशवी घेऊन दाराशी उभी, घरी जायचंय म्हणून. तिथली मुलगी, विशीतली असेल, छत्री घेऊन आली, म्हणाली "पाऊस बघ गो आई, भिजशील, एवढा थांबला की जाऊया, तोवर मला भाजी निवडायला लाग", आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी तिथेच उभी होते, मला रडायलाच आलं.

वही दाखवली. नऊपैकी दोघांना त्या गोळ्या चालू आहेत, कोणाच्या सांगण्यावरून आणि का ते तारखेसकट लिहिलेलं. गेल्या महिन्यात दोन जण पडले, दोन्ही वेळा बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून, तो उंबरा आता फोडायला घेतलाय, मी फोडलेला बघितला. विहिरीवर लोखंडी जाळी आहे. भेटायला केव्हाही या, फक्त आंघोळीच्या वेळी नको, ती त्यांची खाजगी वेळ आहे असं म्हणाल्या, ते मला आवडलं.

पण सगळंच बरं आहे असं नाही. रात्री नऊ जणांना जागी एकच बाई. आणि पुढचं फाटक नुसत्या कडीचं, बाबा ती दोन मिनिटांत काढतील. सिस्टर, एक बाई पुरते का हो?

---

सिस्टर_बार्देस
नाही पुरत. एकाला बाथरूमला धरून नेलं की उरलेल्या आठांकडे बघायला कोणी नाही. तिथेच राहणारं दुसरं माणूस असेल तर निदान हाकेच्या अंतरावर झोपतं का आणि बेल आहे का विचारा. मुख्य म्हणजे बाबा तीनला उठून बाहेर निघतात हे लपवू नका, घाबरून बरेच जण लपवतात, मग पहिल्याच रात्री घोटाळा होतो. त्या वेळेला त्यांच्याबरोबर बसायला कोणी आहे का ते स्पष्ट ठरवून घ्या. फाटकाला वरच्या बाजूला, नजरेला येणार नाही अशी कडी लावतात, आणि दार उघडलं की वाजणारी बेल साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ह्या दोन गोष्टी करून घेतल्याशिवाय रात्रीचं ठेवू नका.

आणि जाताना त्यांच्या शाळेतलं काहीतरी न्या. फोटो नको, हातात धरता येईल असं काहीतरी.

---

डिचोलीची_लेक
बोलले त्यांच्याशी. मालकीणबाईंचा भाचा मागच्या खोलीत झोपतो, त्याच्या खोलीत बेल बसवून देतो म्हणाले, आणि फाटकाची कडी ह्याच आठवड्यात. ते झालं की मी परत रात्रीची जाऊन बघणार आहे, तसं त्यांना सांगितलंय, या म्हणाल्या.

आयपीएचबीला दाखवायचं पण ठरवलंय, गोळ्यांची पिशवी भरून ठेवली. उद्या बाबांना नुसतं चहाला नेतेय. त्या मुलीने फोनवर विचारलं त्यांना काय म्हणून हाक मारू, मी म्हटलं मास्तर म्हणा, सर नको, सर म्हटलं की ते मागे वळून बघतात दुसरं कोणी आलंय का म्हणून. तिने लिहून घेतलं. सोमवारी नुस्तें, म्हणजे मासे, खात नाहीत हेही लिहून घेतलं.

आज आईची ट्रंक उघडली. तळाशी बाबांच्या शाळेतला हजेरीचा जुना कॅटलॉग निघाला, अर्धी पानं वाळवीने खाल्लेली, पण चौथीच्या वर्गाची नावं अजून वाचता येतात. बाबांनी हातात घेतला आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. तो बरोबर नेतेय.